उभी रेघ

धाकटीने वजाचं चिन्ह काढलं, पेन्सिल उचलली, क्षणभर थांबली आणि त्या आडव्या रेघेवर एक बारीक उभी रेघ ओढली. वरून खाली नव्हे, खालून वर. वजाचं अधिक झालं. मग तिने वीस आणि दहा यांची बेरीज केली, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि कागद वडिलांकडे सरकवला.

वजासर कागदाकडे न बघता तिच्या हाताकडे बघत राहिले. गणित तसं बाळबोध होतं. चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वीय त्वरण दहा धरा, एका सेकंदानंतर वेग किती? दहा. वर जाणारी वस्तू मंदावते, हे शाळेतलं पोरही सांगेल. धाकटीच्या कागदावर उत्तर होतं तीस. तिचा चेंडू मंदावत नव्हता, उलट जोर धरत होता. तो काही परत खाली यायचा नव्हता.

"हे काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे चिन्ह. आधी वजा काढलंस आणि मग त्यावर रेघ मारलीस."

दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कागद पुढे यावा तशी धाकटी त्याच्याकडे बघायला लागली.

"मी नाही मारली," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "मारली का?"

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचं यंत्र घरघरायला लागलं. वजासरांनी हातातलं लाल पेन टेबलावर ठेवलं.

वजासर हे नाव त्यांना मुलांनी ठेवलं होतं, आणि ते काही उगाच ठेवलं नव्हतं. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते प्रवेश परीक्षांचे क्लास घेत. भौतिक, रसायन, अंकगणित, सगळा एकहाती कारभार. मुलांनी सूत्र विसरावं, एकक विसरावं, स्वतःचा बैठक क्रमांक विसरावा, सर हसून सोडून देत. पण वजाचं चिन्ह गाळलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अरे गाढवा, तुझा चेंडू परत आलाच नाही तर शेजाऱ्याची काच फुटणार कशी?" असं ते ओरडत, आणि तो आवाज रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जाई. झेरॉक्सवाला मान न उचलता गिऱ्हाइकाला सांगे, "आणखी एकाचं वजा हरवलं."

इतक्या वर्षांतल्या इतक्या मुलांमध्ये एकच विद्यार्थिनी अशी होती, जी वजा विसरत नसे. ती वजा काढायची, अगदी ठळक काढायची, आणि मग त्याला खालून वर एक रेघ जोडून त्याचं अधिक करून टाकायची. ती त्यांची थोरली मुलगी. बाकी सगळं बिनचूक. अक्षर मोत्यासारखं, आकडेमोड तोंडी. पण तिच्या टाक्या कधी गळायच्या नाहीत, तिचं गरम पाणी निवायचं नाही आणि तिच्या गाड्यांना ब्रेक लागायचे नाहीत. बापाने डोकं आपटून घेतलं. रागावून झालं, समजावून झालं, वहीभर नुसती वजाबाकी करून घेऊन झाली.

"वजा काढलं की हात अडतो, बाबा," ती म्हणायची. "काहीतरी जातंय असं वाटतं."

"अगं, मग जाऊ दे की! जायलाच पाहिजे ते!"

परीक्षेच्या तोंडावर तिला ताप भरला. आधी सगळ्यांना साधा वाटला, डॉक्टरांनाही. आठवडा संपायच्या आत ती गेली. याला आता तीन वर्षं होत आली होती. तिच्या वह्या बायकोने त्याच महिन्यात रद्दीत घातल्या. त्यावरून घरात भांडणही झालं नाही, कारण भांडायचं त्राणच कुणात उरलं नव्हतं.

आणि धाकटी? धाकटीचा सगळाच उलटा कारभार. थोरली वडिलांना अहो-जाहो करायची, ही "ए बाबा" करून हाक मारायची. थोरली बोलायची कमी, ही दिवसभर लोकांच्या नकला करायची. दातांच्या डॉक्टरांचं "आ करा, अजून आ, छान, आता थुंका" तर असं हुबेहूब काढायची की डॉक्टर स्वतः पोट धरून हसायचे. वडिलांचं वर्गातलं ओरडणं ती वडिलांसमोरच करून दाखवायची. गणिताच्या बाबतीत मात्र पालथ्या घड्यावर पाणी. बहिणीच्या अभ्यासाच्या वेळी ती त्या खोलीकडे फिरकतसुद्धा नसे. मागच्या वर्षी प्रवेश परीक्षेत तिने असे काही दिवे लावले की निकालाचा कागद वजासरांनी दोनदा उलटून बघितला, मागे काही लिहिलंय का म्हणून. यंदा दुसरी खेप होती.

म्हणून त्या दुपारी वजासरांच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही नक्कल आहे.

"कुणाची नक्कल करतेस?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"नक्कल? गणितात कुणाची नक्कल करतात?"

तिचा चेहरा कोरा होता. थापा मारताना धाकटीच्या डाव्या गालाला खळी पडायची. आता पडली नव्हती.

त्यांनी पुढचं गणित दिलं. गरम पाण्यात बर्फ. मग आम्ल आणि अल्कली. मग शेकडेवारी. जिथे वजाबाकी नव्हती तिथे तिची उत्तरं घड्याळासारखी बरोबर येत होती, आणि जिथे होती तिथे पेन्सिल थांबत होती, वर उचलली जात होती आणि खालून वर जात होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुलगी गेले काही दिवस फारच चांगली गणितं सोडवतेय. त्याचं श्रेय त्यांनी स्वतःलाच देऊन टाकलं होतं. शिकवणाऱ्याला आपल्या शिकवण्याचं कौतुक असतंच, त्यात बाप शिकवणारा असला तर विचारायलाच नको.

त्या दिवशी त्यांनी लाल पेन उचललं नाही. "ठीक आहे, उद्या बघू," एवढं म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशीही बघितलं नाही.

सांगायला बरं वाटत नाही, पण खरं तेच सांगायला हवं. वजासरांना आनंद झाला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना दुपारची वाट बघावीशी वाटू लागली. सकाळचा वर्ग ते घाईने उरकायचे, दाढी रोज करायचे, आणि जेवण झालं रे झालं की टेबल पुसून दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचे. गणितं ते आता स्वतः बनवत होते, आणि प्रत्येक गणितात वजा करावं लागेल असं काहीतरी असायचंच. गळकी टाकी, उतरता पारा, प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी. मुलगी पेन्सिल उचलायची आणि त्यांचा श्वास अडायचा. रेघ वर गेली की ते श्वास सोडायचे. पाठीच्या कण्यातून एक गार कळ जायची, ती त्यांना कळायची, आणि ते तिच्याकडे कानाडोळा करायचे.

बदल इतरही होते. धाकटी भरभर जेवायची, आता ती घास चावून चावून खात होती. तिची शीळ बंद झाली होती. उजवा पाय खुर्चीवर मुडपून, त्यावर बसून ती लिहायची. आधी ती खुर्चीवर धड बसायचीच नाही, त्यामुळे या बसण्याचं आईला कौतुकच वाटलं. वर्गातली मुलं तिच्याशेजारचं बाक हळूहळू सोडायला लागली. कुणी काही बोललं नाही. विचारलं तर म्हणायची, "सर, तिथे फळा नीट दिसत नाही."

एका दुपारी दातांचे डॉक्टर पाण्याच्या मोटरची किल्ली मागायला खाली आले.

"काय गं, बऱ्याच दिवसांत माझी चेष्टा ऐकू आली नाही," ते दारातूनच म्हणाले. "कर बघू एकदा. आज पेशंटने बोट चावलंय, जरा हसव."

मुलीने लिहिणं थांबवलं आणि त्यांच्याकडे अदबीने बघितलं.

"मला नाही हो येत तसलं काही, काका."

डॉक्टर हसले. ही नवीन नक्कल आहे असं त्यांना वाटलं. ती कुणाची ते ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि मग त्यांचं हसू जिथल्या तिथे राहिलं. किल्ली न घेताच ते वर गेले. त्यानंतर बराच वेळ वरचं यंत्र सुरू झालं नाही.

बायकोच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण ती दिवसभर औषधांच्या दुकानात असायची. फार्मासिस्टचं काम, चिठ्ठीवरचं अक्षर कसलंही असो, हातात गोळी चुकीची पडता कामा नये. घरी आली तरी तिची ती नजर सुटत नसे. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती ताटं आवरता आवरता थांबली आणि मुलीच्या खोलीकडे एकदा बघून घेऊन हळू आवाजात म्हणाली,

"तुम्ही तिचे कागद तपासता ना?"

"तपासतो की."

"मग ही चूक राहते कशी? एका वजासाठी लोकांच्या पोरांना रडवणारा माणूस तुम्ही. तुमच्या टेबलावर ही चूक राहते कशी?"

बायकोने ताटं तशीच ठेवली आणि त्यांच्यासमोर बसली.

"परवा मी तिच्या मागे उभी होते. टाकीचं गणित होतं. नळ चार तासांत टाकी भरतो, गळती बारा तासांत रिकामी करते. सहा तास यायला हवेत. हिने बेरीज केली आणि तीन लिहिले. मी म्हटलं, अगं, गळतीनं टाकी लवकर भरेल का? वजा कर. तिने कागदाकडे बघितलं. नंतर माझ्याकडे बघितलं, आणि काय म्हणाली माहितीय? म्हणाली, आई, आज वार कोणता गं?"

"म्हणजे?"

"तिला काही आठवत नव्हतं. कितीतरी दिवसांचं काहीच नाही. धावत स्वयंपाकघरात गेली, उभ्याउभ्या तीन पोळ्या खाल्ल्या. माझ्या दुकानात खोकल्याचं औषध मागायला येणाऱ्या आजोबांची नक्कल केली. मी हसले हो. किती दिवसांनी हसले. सकाळी उठून बघते तर पुन्हा पाय मुडपून बसलेली."

वजासर टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसत राहिले.

"काल पुन्हा दाखवलं," बायको म्हणाली. "तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबांना विचारते. आठवतं का तुम्हाला? बाईंनी शाळेत चूक दाखवली तरी बाबांना विचारते. पुस्तकात मागे उत्तर छापलेलं असलं तरी बाबांना विचारते. तुम्ही चूक म्हणाल तीच तिच्या लेखी चूक. तिच्या."

आतून पेन्सिलीचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता.

"मलाही ती हवीय हो," बायको म्हणाली. "मी काय दगडाची आहे? ती आत बसलीय हे कळल्यापासून मी दोनदा दाराशी जाऊन परत आलेय. नुसता तिच्या केसांवरून हात फिरवायचा होता. पण धाकटी कुठंय? एका खुर्चीवर दोघी नाही बसू शकत. दोन दिवसांपूर्वी माझ्या एका शब्दावर ती वर आली. आता माझं ऐकून तर ती येतही नाही. परवा परीक्षा आहे. त्या हॉलमध्ये जाऊन हिने तीन तास असं लिहिलं, तर घरी कोण येईल?"

"असं काही नसतं," वजासर म्हणाले. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं वाक्य होतं ते, पण त्यात काही जीव नव्हता.

"नसेल तर सोपंच आहे. आत जा आणि चूक दाखवा. प्रेमाने दाखवा, पण तुमच्या तोंडाने सांगा की चुकलंय. एवढंच करायचंय तुम्हाला. आयुष्यभर तेच तर करत आलात."

"सांगतो."

"आज."

"आज," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

ते आत गेले तेव्हा खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. मुलगी खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक करत होती. बायको त्यांच्या मागोमाग बोळातल्या दोरीपाशी आली आणि वाळलेले कपडे एकेक करून काढू लागली. एवढे कपडे दोरीवर नव्हतेच.

वजासरांनी सरावाच्या पत्रिकेतलं पुढचं गणित वाचून दाखवलं. स्वतः बनवलेलं नव्हे, छापील. त्यांनी तेवढं तरी केलं. दोन सायकली एकाच दिशेने चालल्या आहेत. पुढचीचा वेग ताशी आठ किलोमीटर, मागचीचा ताशी बारा. दोघींत चार किलोमीटरचं अंतर आहे. मागची पुढचीला किती वेळाने गाठेल?

मुलगी लिहू लागली. चार भागिले, कंस, बारा. मग वजा. मग पेन्सिल वर उचलली गेली आणि तिथेच राहिली.

या वेळी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. डावा हात पुढे आला आणि त्याने उजवं मनगट धरलं, घट्ट, एखाद्या लहान मुलाचा हात धरावा तसं. तरीही पेन्सिल खाली टेकली आणि हळूहळू, कागद फाटेल इतक्या जोराने, खालून वर गेली. कंसात आठ लिहून तिने बेरीज केली, वीस. बारा मिनिटं, असं उत्तर लिहिलं.

मग तिने मान वर केली.

"ए बाबा," ती म्हणाली.

आवाज बसलेला होता, फार दिवस न वापरल्यासारखा. पण धाकटीचा होता. डोळे तिचे होते, घाबरलेले.

"हे चुकलंय ना? पटकन सांग. मला नीट दिसत नाहीये." तिने मनगट सोडलं नव्हतं. "मला सारखं कुणीतरी मागे सरकवतंय. रागाने नाही, हळूच. बसायला जागा कर म्हटल्यासारखं. आईने सांगितलं की थोडा वेळ येता येतं, पण मग तेच कुणीतरी म्हणतं, बाबांनी कुठे सांगितलंय? तू सांग ना. नुसतं चुकलंय म्हण. मी राहीन मग."

वजासरांनी लाल पेन उचललं. टोपण काढलं. चुकलंय हा शब्द त्यांनी जन्मात जितक्या वेळा उच्चारला होता, तितका दुसरा कुठलाच उच्चारला नसेल. तो आताही त्यांच्या जिभेवर होता. बोळात कपड्यांची सळसळ थांबली.

त्यांनी कागदाकडे बघितलं. एकाच दिशेने चाललेल्या दोघांचे वेग वजा करतात. बेरीज कधी करायची, हे त्यांनी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. जो पुढे गेलाय तो वळून आपल्याकडे यायला निघाला असेल, तरच बेरीज. एरवी नाही. ती काळी रेघ कागदात खोल रुतली होती. बाराव्या मिनिटाला दोघी समोरासमोर येणार होत्या.

"बाबा," धाकटी म्हणाली. "लवकर."

ते त्या हाताकडे बघत होते. अंगठ्याची पकड, पेन्सिलीच्या टोकाला फार जवळ. असं धरू नकोस, बोटं काळी होतात, असं ते थोरलीला किती वेळा बोलले होते. बोटं काळी झाली होती.

"बरोबर आहे," वजासर म्हणाले.

बोळात काहीतरी खाली पडलं. बहुधा कपड्यांचा ढीग असावा, फारसा आवाज आला नाही. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते पटायला एक क्षण लागला, आणि तो क्षण वजासरांनी खाली मान घालून काढला. त्यांनी कागदावर लाल खूण केली, मोठी, पानाच्या अर्ध्यापर्यंत जाईल अशी.

डाव्या हाताची पकड एकेक बोट करून सुटली. उजवा पाय सावकाश वर आला आणि खुर्चीवर मुडपला गेला.

"मला वाटलंच होतं, बाबा," मुलगी म्हणाली. "पुढचं द्या ना."